वाचकांचे प्रश्न : स्टॉप बटण दाबलं म्हणजे वीज बंद झाली का?

प्रश्न : आयटीआयमधून वीजतंत्रीचा कोर्स करून जळगाव एमआयडीसीतल्या चटईच्या कारखान्यात शिकाऊ म्हणून लागलो आहे. मोटारीची वायर काढायची तर स्टार्टरचं स्टॉप बटण दाबायचं आणि पिन टेस्टर लावून बघायचं, असं इथले जुने वायरमन सांगतात. एवढं पुरेसं आहे का?

उत्तर : नाही. स्टॉप बटणाने फक्त कॉन्टॅक्टर (मोटारीला वीज जोडणारा-तोडणारा चुंबकी स्विच) सुटतो. त्याच्या वरच्या टर्मिनलवर 415 व्होल्ट तसेच राहतात. कॉन्टॅक्टरचा एखादा पॉइंट चिकटून बसला असेल, तर मोटार थांबलेली दिसते आणि खाली एक फेज जिवंत असतो. पिन टेस्टरवर तर अजिबात विसंबू नका. त्याचा दिवा तुमच्या अंगातून जमिनीकडे जाणाऱ्या अगदी बारीक करंटवर लागतो. रबरी मॅटवर उभे असाल तर तो मंद लागतो आणि खानदेशातल्या मे महिन्याच्या उन्हात दिसतही नाही.

ऑपरेटरला सांगून मशीन थांबवा. त्या फीडरचा (मशीनला वीज पुरवणाऱ्या लाइनचा) आयसोलेटर, म्हणजे लाइन तोडणारा मुख्य स्विच, किंवा एमसीसीबी (मोठा सर्किट ब्रेकर) बंद करून स्वतःचं कुलूप लावा आणि किल्ली खिशात ठेवा. दोघं काम करत असाल तर कुलपंही दोन हवीत. पाटीवर नाव आणि वेळ लिहा. त्यानंतर मल्टिमीटर आधी चालू सर्किटवर लावून तो बरोबर दाखवतो ना, हे पाहा. मग मोटारीवर सहा मापं घ्या : तीन फेजांची आपसांत आणि तिन्हींची अर्थशी. स्टार-डेल्टा स्टार्टर (ज्याच्यापासून मोटारीला सहा वायरी जातात) असेल तर मोटारीची सहाही टोकं तपासा. शेवटी मीटर पुन्हा चालू सर्किटवर लावा. नेमकी हीच पायरी सगळे गाळतात. मीटरची वायर मधेच आतून तुटली, तर जिवंत टर्मिनलवरही शून्यच दिसतं.

व्हीएफडी (मोटारीचा वेग बदलणारा ड्राइव्ह) असेल तर मेन बंद केल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये 585 व्होल्टच्या आसपास डीसी साठलेला असतो. ड्राइव्हवर छापलेली मिनिटं थांबा आणि डीसी मोजूनच हात घाला. पॉवर फॅक्टरच्या कपॅसिटरलाही हेच लागू. जनरेटर असेल तर चेंजओव्हर (मेन आणि जनरेटर यांत अदलाबदल करणारा स्विच) कुठे आहे, हे पहिल्याच दिवशी बघून ठेवा.

प्रश्न : आमच्या डाळमिलमध्ये दर उन्हाळ्यात मशीनला हात लावला की झिणझिण्या येतात. अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतलं की कमी होतात. पावसाळ्यात त्रास नसतो. मग रोज पाणी टाकत राहावं का?

उत्तर : झिणझिण्या येतात तेव्हा पाण्याची बादली नंतर, आधी ते मशीन बंद करा. बॉडीवर करंट आला म्हणजे आत कुठेतरी इन्शुलेशन गेलं आहे. सप्लाय आणि ड्राइव्ह सोडवून 500 व्होल्टच्या मेगरने (इन्शुलेशन मोजणाऱ्या मीटरने) मोटार आणि केबल तपासा. 1 मेगओहमच्या खाली आलं तर ते मशीन चालवू नका.

आता अर्थिंग. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि इलेक्ट्रोडपासून (जमिनीत पुरलेल्या अर्थिंगच्या सळईपासून) सुटते. मातीचा स्पर्शच गेला की रेझिस्टन्स चढतो. समजा तुमचं अर्थिंग 10 ओहम आहे आणि ट्रान्सफॉर्मरच्या न्यूट्रलचं 1 ओहम. फेज बॉडीला लागला तर 230 भागिले 11, म्हणजे सुमारे 21 अँपिअर करंट वाहील. 32 अँपिअरचा एमसीबी (छोटा सर्किट ब्रेकर) त्यावर पडणार नाही, म्हणजे ट्रिप होणार नाही, आणि बॉडीवर 210 व्होल्टच्या आसपास उभे राहतील. म्हणून मशीनच्या फीडरला 100 किंवा 300 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट जमिनीत गळू लागताच वीज तोडणारा ब्रेकर) हवा, तर हातातल्या ड्रिल-ग्राइंडरच्या सॉकेटला 30 मिलिअँपिअरचा. तो वारंवार पडतो म्हणून काढून टाकणारे बरेच असतात. पडण्याचं कारण शोधायचं सोडून ते माणसाचं संरक्षणच काढून ठेवतात.

अर्थिंगचं माप मे महिन्यातच घ्या, पावसाळ्यातला आकडा फसवा असतो. मिल बंद करून इलेक्ट्रोड सोडवा. अर्थ टेस्टरच्या (अर्थिंग मोजणाऱ्या मीटरच्या) दोन खुंट्यांपैकी करंटची इलेक्ट्रोडपासून 30 मीटरवर आणि व्होल्टेजची साधारण साडेअठरा मीटरवर ठोका. मग मधली खुंटी दोन-दोन मीटर पुढे-मागे सरकवा. तिन्ही आकडे जवळपास सारखे आले तरच माप खरं. आकडा चढलेला निघाला तर 3 मीटरचा दुसरा इलेक्ट्रोड पहिल्यापासून निदान 6 मीटरवर घ्या, भोवती बेंटोनाइट (ओल धरून ठेवणारी माती) भरा. तेही कोरडं पडलं की आकसतं, तेव्हा उन्हाळ्यात पाणी चालू ठेवा. मोटारीच्या बॉडीला अर्थच्या दोन वेगळ्या पट्ट्या लागतात, तेवढं तपासून घ्या.

प्रश्न : शहादा भागात आयटीआयमध्ये शिकवतो. सुरक्षेचे नियम मुलांचे तोंडपाठ असतात, पण हातात उतरत नाहीत. काय करून घ्यावं?

उत्तर : आयसोलेटिंग ट्रान्सफॉर्मरवर 24 व्होल्टचा सराव बोर्ड बांधा आणि मागून एक लपवलेला दुसरा फीड द्या. मेन बंद करूनही दिवा जिवंत राहिला पाहिजे. 'सर, झालं' म्हणणाऱ्याच्या हातात मीटर द्या आणि तो फीड त्यालाच शोधू द्या. न मोजता स्क्रू ढिला केला की प्रयोग पुन्हा पहिल्यापासून.

शॉकचा सराव पुतळ्यावरच घ्या. आधी सप्लाय तोडायचा, माणसाला नंतर हात लावायचा. 108 ला फोन लावायचा. माणूस प्रतिसाद देत नसेल आणि श्वासही नीट नसेल, तर छातीच्या मधोमध 5 ते 6 सेंटीमीटर खोल, मिनिटाला 100 ते 120 दाब द्यायचे. दोन मिनिटांतच मुलांचे हात भरून येतात, तेव्हा अदलाबदल कशी करायची हेही त्याच तासाला शिकवा.