दगडालाही चंद्र असतो का हो? युजिनियाबद्दल तुमचे प्रश्न

प्रश्न: चंद्र ग्रहांनाच असतो ना? लघुग्रहाला चंद्र म्हणजे पटत नाही.

अहो पण फोटोच आहे त्याचा! मंगळ आणि गुरूच्या मधल्या पट्ट्यात युजिनिया नावाचा साधारण 200 किमीचा लघुग्रह आहे, 1857 मध्ये पॅरिसमध्ये हर्मन गोल्डश्मिटला सापडला. हा माणूस पेशाने चित्रकार, कॅफेच्या वरती राहायचा आणि बाल्कनीतून छोट्याशा दुर्बिणीने आकाश बघत बसायचा. चंद्र सापडायला मात्र 1998 उजाडलं. नाव पेती-प्रँस, म्हणजे छोटा राजपुत्र.

प्रश्न: मग एवढी वर्षं काय करत होते सगळे?

दिसतच नव्हता ना. युजिनियापेक्षा शेकडो पट अंधुक आणि तिला अगदी चिकटून. त्यात आपली हवा, उन्हात डांबरी रस्त्यावर थरथरते ना, तशी रात्रीही थोडी हलतेच, म्हणून तर तारे लुकलुकतात. हवाईच्या मौना किया डोंगरावरच्या दुर्बिणीत एक आरसा सतत किंचित वाकवून ती थरथर काढून टाकली, तेव्हा कुठे बाजूला ठिपका दिसला. लघुग्रहाचा चंद्र जमिनीवरून सापडला तो हा पहिलाच. (आयडा नावाच्या लघुग्रहाचा चंद्र डॅक्टिल आधीचा, पण तो गॅलिलिओ यानाने जवळून काढलेल्या फोटोत सापडलेला.)

प्रश्न: सापडला, बरं. उपयोग काय?

मला सगळ्यात आवडलेला प्रश्न. हा चंद्र म्हणजे फुकटचा वजनकाटा आहे! तो 1,190 किमीवरून 4.7 दिवसांत एक फेरी मारतो, आता हे दोन आकडे केप्लरच्या नियमात (फेरीचं अंतर आणि वेळ यांचं गणित) घाला की युजिनियाचं वस्तुमान हातात. ते निघालं आणि सगळे चक्रावले, कारण घनता आली पाण्याच्या जेमतेम सव्वापट. आपल्या सह्याद्रीचा काळा दगड पाण्याच्या जवळपास तिप्पट भरतो. म्हणजे युजिनिया अखंड दगड नाहीच, आत भरपूर पोकळ्या आहेत, टिपरमधून ओतलेल्या खडीच्या ढिगासारख्या. कधीतरी जबरदस्त टक्कर झाली असणार, चंद्रही बहुतेक त्याच राड्यातला तुकडा. नंतर अजून एक पिटुकला चंद्र सापडला, तो 2007 मध्ये जाहीर झाला.

प्रश्न (सातवीतल्या वाचकाचा): तिथे जोरात उडी मारली तर मी अंतराळात जाईन का?

नाही रे बाळा. शंभर मीटरच्या वर जाशील, पण परत येशील. सुटायला ताशी 300 किमीच्या वर वेग लागतो. फास्ट बॉलरने ताशी 150 ने बॉल सरळ वर फेकला तरी तो खाली येणारच, फक्त कॅच घेणाऱ्याला पाऊणएक तास हात पसरून थांबावं लागेल.