लादीची पाठ

प्रिय मित्रा,
सप्रेम आशीर्वाद.

भिंतीवर लावण्यासाठी केलेल्या तुझ्या पहिल्या तीन लाद्यांची छायाचित्रे मिळाली. पानांच्या शिरा ज्या हलक्या हाताने उठवल्या आहेस, त्या पाहून फार समाधान वाटले. कोपरे मात्र वर उचलले गेले आहेत, आणि तुझा प्रश्नही त्याविषयीच आहे, म्हणून आधी तेच लिहितो.

चाकावरच्या भांड्याला त्याचा गोल आकारच धरून ठेवतो. सपाट लादीला तसा आधार नसतो. तिची वरची बाजू आणि कडा हवेने लवकर सुकून आकसतात, फळीला टेकलेली बाजू ओलीच राहते, आणि या ओढाताणीत कोपरे उचलले जातात. शिवाय मातीला आठवण असते. ओली लादी एका कोपऱ्याला धरून उचललीस, तर नंतर ती कितीही दाबून सपाट केली तरी तो बाक भट्टीत पुन्हा वर येतो. म्हणून मातीत भाजलेल्या मातीची भरड मिसळावी, लादी दोन फळ्यांमध्ये धरूनच उलटवावी आणि नक्षी झाल्यावर ती प्लास्टिकखाली, खालूनही हवा लागेल अशा जाळीवर, सावकाश सुकू द्यावी. भट्टीत तिच्याखाली बारीक वाळू पसरलीस की आकसताना ती मोकळेपणी सरकते. स्टोनवेअरची, म्हणजे उंच तापमानाला भाजून दगडासारखी कठीण होणारी माती ओल्या अवस्थेपासून पक्क्या भाजणीपर्यंत साधारण 10 ते 12 टक्के आकसते, त्यामुळे 30 सेंटीमीटरची लादी 27 च्या आसपास भरते. अनेक लाद्या जुळवून एक चित्र करणार असशील, तर हा हिशेब आधीच मांडावा लागेल.

नक्षी कोरताना लादी उभी करून, एका बाजूने दिवा ठेवून पाहत जा. टेबलावर ठसठशीत दिसणारी रेघ भिंतीवर समोरून उजेड पडला की नाहीशी होते. जाड, चकचकीत ग्लेझ, म्हणजे मातीवरचा काचेसारखा लेपही तिला बुजवतो. तुझ्या तिसऱ्या लादीत नेमके तेच झाले आहे. बिस्क, म्हणजे ग्लेझ लावण्याआधीच्या पहिल्या भाजणीनंतर लोहाच्या ऑक्साइडचे पाणी फासून ते ओल्या स्पंजने पुसून पाहा, म्हणजे उंच भाग उजळ राहून रंग फक्त खाचांत उरेल.

आता पाठीविषयी. माझी एक मोठी तबकडी रात्री भिंतीवरून पडली, कारण तिची पाठ मी ग्लेझने गुळगुळीत केली होती आणि टांगण्याची पट्टी तिच्यावर नुसती गोंदाने चिकटवली होती. सकाळी तुकडे वेचताना पट्टी भिंतीवरच होती. तेव्हापासून टांगण्याची जागा मी माती ओली असतानाच ठरवतो: पाठीवर मातीचीच जाड पट्टी खरवडून जोडतो, तिच्यात तिरके भोक पाडतो आणि वजन कमी व्हावे म्हणून मधला भाग थोडा कोरून काढतो.

पुढच्या वेळी लादीच्या पाठीचेही छायाचित्र पाठव. मी आधी तेच पाहीन.

तुझा,
जुना कुंभार