छंद म्हणून ऑनलाइन पोकर खेळताना छोटा बँकरोल कसा वाढवायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : नोकरी सांभाळून रोज तास-दीड तास नो-लिमिट होल्डेम (पोकरचा एक प्रकार, यात केव्हाही सगळे पैसे लावता येतात) खेळता, खात्यात ४० डॉलर टाकलेत, सध्या सगळ्यांत खालच्या टेबलावर बसता. हा बँकरोल (खेळासाठी बाजूला ठेवलेले पैसे) वाढवायचा तर किती बाय-इन (एका टेबलावर घेऊन बसायची रक्कम) हाताशी असावेत, आणि वरच्या टेबलावर कधी जावं? मीही नोकरी करूनच खेळतो, छोट्या टेबलांवर बरीच वर्षं काढली आहेत आणि हा खेळ मला मनापासून आवडतो. म्हणून सविस्तर लिहितो.

आधी हिशेब मांडू. तुमचं टेबल १-२ सेंटचं, म्हणजे दर डावाला दोन खेळाडूंना पत्ते बघण्याआधीच लावावे लागणारे पैसे १ सेंट (स्मॉल ब्लाइंड) आणि २ सेंट (बिग ब्लाइंड). पूर्ण बाय-इन १०० बिग ब्लाइंडचा, म्हणजे २ डॉलर. तुमच्याकडे २० बाय-इन आहेत, सुरुवातीला ठीक आहेत. पुढचं टेबल २-५ सेंटचं, बाय-इन ५ डॉलर. तिथे २५ बाय-इन घेऊन बसायचं म्हटलं तर १२५ डॉलर हवेत, म्हणजे अजून ८५ डॉलर जिंकायचे. २ सेंटच्या बिग ब्लाइंडने भागलं तर ४,२५० बिग ब्लाइंड. तुम्ही चांगले खेळता आणि रेक (डावात जमलेल्या पैशांतून साइट कापते तो वाटा) वजा जाऊन १०० डावांमागे ५ बिग ब्लाइंड कमावता असं धरू. तरी ८५ हजार डाव लागतात. दोन टेबलं एकदम उघडून तासाला साधारण १४० डाव होतात. म्हणजे ६०० तास. रोज दीड तास खेळलात तर वर्षभराहून जास्त काळ, आणि कमाई तासाला १४ सेंट.

हा आकडा घाबरवण्यासाठी देत नाही. पण तो डोळ्यांसमोर असला की बरेच गोंधळ आपोआप मिटतात. या टप्प्यावर जे कमावायचं ते कौशल्य. १४ सेंटांसाठी कुणी झोपमोड करू नये. आणि दुसरं, तुमच्यासारख्याने बँकरोलमधला प्रत्येक डॉलर टेबलावरूनच कमावला पाहिजे अशी काही सक्ती नाही. ज्याचं घर पोकरवर चालतं त्याचा बँकरोल हेच त्याचं भांडवल असतं, ते संपलं की धंदा बुडाला. म्हणून तो ५० किंवा १०० बाय-इनच्या गोष्टी करतो, आणि त्याच्यापुरतं ते बरोबरच आहे. तुमचा बँकरोल पगारातून पुन्हा भरता येतो. सिनेमा, सहल, पुस्तकं यांच्यासाठी जसे पैसे बाजूला काढता तसे महिन्याला ठरावीक डॉलर यात टाकलेत तर त्यात कमीपणा काहीच नाही.

एकच अट, आणि ती मला फार महत्त्वाची वाटते : रक्कम आधी ठरलेली हवी आणि तारीखही ठरलेली हवी. समजा महिन्याची पहिली तारीख. हरलेल्या रात्री, त्याच बैठकीत, पुन्हा पैसे भरायचे नाहीत. महिना अर्धा उरलाय आणि खातं रिकामं झालं तर उरलेला महिना अभ्यासाचा. हे पाळणं जमत नसेल, गेलेले पैसे परत आणायला म्हणून बसावंसं वाटत असेल, उसने घ्यावेसे वाटत असतील, तर बँकरोलचा कुठलाही नियम उपयोगाचा नाही. खेळ थांबवा आणि घरात कुणाशी तरी बोला.

आता किती बाय-इन. ‘वीस पुरेत’, ‘चाळीस हवेत’ असे आकडे लोक सांगतात, पण ते कशावर अवलंबून आहेत हे सांगत नाहीत. दोन गोष्टींवर : तुमचा जिंकण्याचा दर (१०० डावांमागे किती बिग ब्लाइंड) आणि चढ-उतार. सहा जणांच्या नो-लिमिट टेबलावर प्रमाण विचलन (निकाल सरासरीपासून साधारण किती दूर जातात त्याचं माप) दर १०० डावांमागे ८० ते १०० बिग ब्लाइंडच्या घरात असतं. ९० धरू. दर ५ असेल तर २० बाय-इन घेऊन, एकाच टेबलावर अडून बसणाऱ्याचं कधी ना कधी दिवाळं निघण्याची शक्यता साधारण ८ ते ९ टक्के. ४० बाय-इन असले तर ती १ टक्क्याच्या खाली जाते. पण दर ५ ऐवजी २ असेल, म्हणजे माणूस जिंकणाराच पण जेमतेम, तर २० बाय-इनवर ती ३७ टक्क्यांवर जाते आणि ४० वरही १४ टक्के उरते. आणि दर शून्याखाली असेल तर बाय-इन कितीही असोत, शेवट ठरलेला आहे. पैसे जास्त असतील तर तो उशिरा येतो एवढंच.

म्हणून खरा प्रश्न ‘किती बाय-इन’ हा नाही, ‘मी मुळात जिंकतोय का’ हा आहे. आणि त्याचं उत्तर लवकर मिळत नाही. वरच्याच आकड्यांनी १० हजार डाव खेळलात तर सरासरीने ५ बाय-इन वर असायला हवं, पण विचलन ९ बाय-इनचं. म्हणजे चांगला खेळूनही दहापैकी जवळपास तीन वेळा तुम्ही १० हजार डावांनंतर तोट्यात असाल. आणि याची दुसरी बाजू जास्त धोक्याची : तेवढ्याच दराने हरणारा माणूसही दहापैकी जवळपास तीन वेळा नफ्यात दिसेल आणि स्वतःला तयार समजेल. लाखभर डावांनंतर मात्र ५ च्या दराने जिंकणारा तोट्यात असण्याची शक्यता ४ टक्क्यांच्या आसपास येते. छंदी माणसाला लाख डाव व्हायला वेळ लागतो. तोवर नफ्याच्या आलेखापेक्षा आपले निर्णय तपासणं जास्त भरवशाचं.

ते कसं, हे एका डावावरून दाखवतो. असे डाव तुमच्या टेबलावर नेहमी येतात. १-२ सेंटचं टेबल, दोघांकडे २-२ डॉलर. तुमच्याकडे एक्का-राजा. तुम्ही ६ सेंटला रेझ केलं (रक्कम वाढवली), स्मॉल ब्लाइंडने पत्ते टाकले, बिग ब्लाइंडने कॉल केला (तेवढेच पैसे लावले). पॉट (मध्ये जमलेले पैसे) १३ सेंट. फ्लॉप (सगळ्यांसाठी उघडलेले पहिले तीन पत्ते) राजा-नव्वी-चौकी, तिन्ही वेगळ्या रंगांची. तुम्ही ८ सेंट लावले, कॉल. टर्नला (चौथा पत्ता) उरलेल्या चौथ्या रंगाची सत्ती, तुम्ही २० लावले, पुन्हा कॉल. पॉट ६९. रिव्हरला (पाचवा, शेवटचा पत्ता) दुर्री. तुम्ही ३५ लावले आणि समोरच्याने उरलेले सगळे, १६६ सेंट, मध्ये ढकलले. हा माणूस आतापर्यंत कॉलच करत आलेला, रेझ कधी नाहीच.

तुम्हाला आणखी १३१ सेंट घालायचेत. कॉल केल्यावर पॉट होणार ४०१. म्हणजे तीनात एकदा जरी तुम्ही पुढे असाल तरी कॉल जवळपास बरोबरीत सुटतो. प्रश्न एवढाच की तीनात एकदा पुढे आहात का? राजा-राणी, राजा-गुलाम घेऊन असा खेळाडू नुसता कॉल करतो. फ्लश (एकाच रंगाचे पाच पत्ते) तर लागूच शकत नाही, त्यामुळे हुकलेला फ्लश ड्रॉ घेऊन फसवतोय हेही नाही. उरतात दोन जोड्या आणि सेट (हातातल्या जोडीला तिसरा सारखा पत्ता) : चौक्या, नव्व्या, सत्त्या, राजा-नव्वी. खालच्या टेबलांवर शांत माणसाने रिव्हरला केलेला रेझ म्हणजे पक्के पत्ते, हे मला पोकरमधल्या सर्वांत भरवशाच्या गोष्टींपैकी एक वाटतं. पत्ते टाका.

त्याने काय दाखवलं असतं ते तुम्हाला कधीच कळणार नाही, आणि नेमकं तेच सोसत नाही म्हणून लोक कॉल करतात. पण १३१ सेंट म्हणजे ६५ बिग ब्लाइंड. तुमच्या दराने ती १,३०० डावांची कमाई झाली. खालच्या टेबलावर बँकरोल वाढतो तो मुख्यतः असे कॉल न केल्याने. बाकी अर्धं काम पैसे लावण्याचं : चांगले पत्ते असताना अडखळत, हातचं राखून न लावता, मोकळेपणाने लावा, कारण तिथे कॉल करणारे भरपूर असतात. आणि फसवून बघू नका. जो पत्ते टाकतच नाही त्याला फसवता येत नाही.

वर जाण्याबद्दल. मी दोन कुलुपं लावतो. एक पैशाचं : पुढच्या टेबलाचे २५ बाय-इन. दुसरं पुराव्याचं : निदान ३०-४० हजार डाव रेकनंतर नफ्यात, आणि मोठे हरलेले डाव पुन्हा पाहिल्यावर बहुतेक निर्णय पुन्हा तसेच घेतले असते असं वाटणं. महिन्याच्या भरण्याने पहिलं कुलूप उघडेल, दुसरं उघडणार नाही. दोन्ही उघडली की वरच्या टेबलावर ४ बाय-इन घेऊन जायचं. ते गेले तर मुकाट्याने खाली, पुन्हा जमेपर्यंत.

हे खाली येणं हाच सगळ्या बँकरोल सांभाळण्याचा गाभा आहे असं माझं ठाम मत आहे. मघाशी दिलेले दिवाळ्याचे आकडे एकाच टेबलावर अडून बसणाऱ्याचे होते. जो १२ बाय-इन उरल्यावर निमूट खाली येतो त्याच्यासाठी ते झपाट्याने कमी होतात. आणि नेमकं हेच लोकांना जमत नाही. वर जाताना माणूस नियम पाळतो, कारण त्यात आनंद असतो. खाली येताना ‘हे पत्त्यांचं दुर्दैव आहे, माझ्या खेळात खोट नाही’ हे कारण तयार असतं. कारण खरंही असेल. तरीही यायचं. दुर्दैव असो की खोट, बँकरोल तेवढाच उरलेला असतो. म्हणून खाली येण्याचा आकडा वर जाण्यापूर्वी लिहून ठेवा, डोकं थंड असताना.

याबाबतीत ख्रिस फर्ग्युसनचं उदाहरण लोक हमखास देतात. २००० सालचा वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरचा मेन इव्हेंट, म्हणजे पोकरचं जगज्जेतेपद, जिंकलेला हा माणूस. २००६ मध्ये त्याने फुल टिल्ट पोकर या साइटवर शून्य डॉलरपासून सुरुवात केली, आधी फुकटच्या फ्रीरोल स्पर्धा खेळला आणि दीड वर्षाच्या आसपास १० हजार डॉलरपर्यंत नेले. त्याचे नियम : कॅश टेबलावर किंवा सिट-अँड-गोमध्ये (खेळाडू भरले की लगेच सुरू होणारी छोटी स्पर्धा) बँकरोलच्या ५ टक्क्यांहून जास्त घालायचे नाहीत, मोठ्या स्पर्धेत २ टक्क्यांहून जास्त नाहीत, आणि टेबलावरचे आपले पैसे बँकरोलच्या १० टक्क्यांवर गेले की ब्लाइंड आपल्याकडे येताच उठायचं. अगदी तळाला थोडी सूट होती. नियम उत्तम आहेत, जसेच्या तसे घ्या. पण दहा हजारांवर डोळा ठेवून त्याच्याशी बरोबरी करू नका. तळाच्या टेबलांवर जगज्जेता बसला होता, एवढं ध्यानात असू द्या.

रेककडेही बघा. साधारणपणे पॉटच्या ५ टक्क्यांपर्यंत घेतात, त्याला वरची मर्यादा असते. मोठ्या टेबलांवर ती मर्यादा कामाला येते, तुमच्या टेबलावर पॉट तिथपर्यंत क्वचितच पोहोचतो. म्हणजे बिग ब्लाइंडमध्ये मोजलं तर तळाचा खेळाडू सगळ्यांत जास्त रेक भरतो. १ डॉलरचा पॉट जिंकलात की ५ सेंट, म्हणजे अडीच ब्लाइंड गेले. बहुतेक ठिकाणी फ्लॉप आला नाही तर रेक घेत नाहीत. म्हणून बरे पत्ते असताना प्रीफ्लॉपला (फ्लॉप येण्याआधी) नुसता कॉल करण्यापेक्षा रेझ करा. रेकबॅक (भरलेल्या रेकचा काही भाग परत) मिळत असेल तर जरूर घ्या, फक्त त्याच्यासाठी जास्त डाव ओढू नका.

स्पर्धा आवडत असतील तर वरचे आकडे विसरा. मोठ्या स्पर्धांत बक्षिसाचा बहुतांश भाग पहिल्या काही जागांवर असतो, त्यामुळे निदान १०० बाय-इन ठेवा. ४० डॉलरमध्ये म्हणजे ४० सेंटच्या स्पर्धा, त्याहून वर नको.

शेवटी पैशांच्या सुरक्षिततेचं. आधी, तुम्ही राहता तिथे पैसे लावून ऑनलाइन पोकर खेळणं कायद्याने चालतं का ते बघा. चालत नसेल तर खोट्या चिप्सवर खेळा, आडवाट शोधू नका. चालत असेल तरी खात्यात गरजेपुरतेच पैसे ठेवा. १५ एप्रिल २०११ ला अमेरिकी न्याय विभागाने मोठ्या पोकर कंपन्यांवर कारवाई केली. फर्ग्युसनने आपला प्रयोग केला त्या फुल टिल्टकडे खेळाडूंना परत द्यायला पुरेसे पैसेच नव्हते. अमेरिकेतल्या खेळाडूंच्या हाती ते पडायला २०१४ उजाडलं. तेव्हा सध्याच्या टेबलाचे २५-३० बाय-इन सोडून वरचं सगळं काढत चला, बँकरोलच्या हिशेबात मात्र ते धरा. आणि पहिल्यांदा थोडे जिंकलात की किमान रकमेएवढे लगेच काढून बघा. किती दिवस लागतात, कोणती कागदपत्रं मागतात, हे रक्कम लहान असतानाच कळलेलं बरं.