दाखल करावे की घरी पाठवावे?

प्रश्न : मी मनोविकारांच्या तातडीच्या सेवेत चार वर्षे काम करते. रुग्णाला दाखल करावे की नातेवाइकांच्या सोबतीने घरी पाठवावे, हे रात्रपाळीत बहुतेक वेळा मलाच ठरवावे लागते. परवा एका रुग्णाला मी केवळ माझी धास्ती कमी व्हावी म्हणून दाखल केले, असे आता वाटते. माझे चुकले का?

उत्तर : अशा निर्णयात रुग्णाच्या आत्महत्येच्या धोक्याबरोबर आपली धास्तीही मिसळलेली असते, हे या कामातले जवळजवळ सगळेच जाणतात, बोलून मात्र फार थोडे दाखवतात. एकही खाट रिकामी नसली की तोच धोका कमी भासू लागतो आणि पहाटे चारला तो वाढतो, हा माझाही अनुभव आहे.

मूळ अडचण अशी की, आपल्याकडून भविष्य सांगण्याची अपेक्षा केली जाते. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञ ॲलेक्स पोकॉर्नी यांनी ४,८०० दाखल रुग्णांचा पुढे काही वर्षे मागोवा घेतला. १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ६७ जणांनी आत्महत्या केल्याचे आढळले; परंतु ‘अधिक धोका’ असलेल्यांत ज्यांची गणना झाली होती, त्यांतील बहुसंख्यांनी तसे काही केले नाही आणि मृतांपैकी कित्येक जण त्या गटात नव्हतेच. म्हणून ‘हा पुढे काय करील’ यापेक्षा आज रात्री त्याच्याजवळ कोण आहे, औषधे कोणाच्या ताब्यात आहेत आणि उद्या त्याला कोण भेटणार आहे, हे विचारावे. ही उत्तरे निदान पडताळून पाहता येतात.

घरी पाठवलेल्याचे काही वाईट झाले, तर ते आपल्या कानावर येतेच; पण विनाकारण दाखल झालेला माणूस पुढच्या संकटात मदत मागायलाच आला नाही, तर ते कोणालाही कळत नाही. शिवाय रुग्णालयातून घरी गेल्यानंतरचे पहिले काही आठवडे विशेष धोक्याचे असतात, त्यामुळे दाखल केल्याने काळजी मिटते असेही नाही.

निर्णयाची कारणे त्याच रात्री लिहून ठेवा. निकाल कळल्यावर तो आधीच दिसायला हवा होता असे माणसाला वाटू लागते, हे मानसशास्त्रज्ञ बारूख फिशहॉफ यांनी १९७५ मध्येच प्रयोगांनी दाखवले आहे. परवाच्या रुग्णाविषयीची आपली शंका सकाळच्या सहकाऱ्यांना मोकळेपणाने सांगा, म्हणजे त्याला ठेवून घेण्याचा फेरविचार लवकर होईल. शक्य झाल्यास त्यालाही भेटा आणि दाखल होताना काय वाटले ते विचारा. केसपेपरवर ही बाजू क्वचितच येते.