पाणाड्याचा नारळ

प्रिय पोरी,

काल तुझा फोन ठेवल्यापासून डोळ्याला डोळा नाही. पाणी शोधणाऱ्या पाणाड्यानं तळहातावर नारळ उभा राहिला म्हणून दाखवलेल्या बोरच्या जागेवरून वडिलांशी वाजलं आणि भावकीदेखत तू म्हणालीस, "नारळालाच एवढं कळतं तर कर्जही त्याच्याच नावावर काढा." आता ते तुझ्याशी बोलत नाहीत, आणि तू मला विचारतेस, "सर, माझं चुकलं काय?"

बोलण्यात काहीच चुकलं नाही. तीच तर पंचाईत आहे. आपल्या काळ्या पाषाणात पाणी राहतं ते मुरमात आणि फटींत. अखंड कातळ लागला की आठशे फुटांवरही कोरडंच. तळहातावरचा नारळ उभा राहतो तो हाताच्या तोलानं. हे तुला मीच शिकवलं, पुन्हा उगाळत नाही.

पण हसलीस कुणाला? ज्याच्या डोक्यावर बोरचा खर्च आहे त्याला. हसायचं तर आधी स्वतःला हसावं, बाई!

आपल्या पैठणच्या नाथांचं भारूड आठव. विंचू चावतो तो गाणाऱ्यालाच. तोच नाचतो, तोच विव्हळतो. लोक पोटभर हसतात आणि घरी जाताना आपापला विंचू चाचपतात. त्यांच्या हिंदू-तुर्क संवादात दोघं एकमेकांच्या देवधर्माची यथेच्छ टर उडवतात, पण मार दोघांनाही बसतो, म्हणून शेवटी गळाभेट होते. तुझ्या विनोदात मार एकट्या बापालाच होता.

(भानामतीच्या नावानं कुणा बाईला छळत असतील तर मात्र विनोद बाजूला ठेव. तिथे 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, सरळ पोलिसांत जा.)

माझं ऐक. आमच्या दादांनी एका पायाळू, म्हणजे पायाकडून जन्मलेल्या, माणसाकडून जागा काढून घेतली. बोरची गाडी रात्रभर धडधडली, पहाटेपर्यंत नुसता फुफाटा. धुळीनं दादांच्या मिशा, भुवया पांढऱ्याफटक. मी नवा मास्तर, जीभ शिवशिवत होती. म्हणालो, "दादा, पाणी नाही, पण पीठ झकास निघालं." सगळं शिवार हसलं. दादाही हसले. पुढे चार वर्षं माझ्या उंबऱ्याला आले नाहीत, आणि मग यायला उरलेच नाहीत.

बोर कोरडा होता, हे मी आजही छातीठोक सांगेन. माझं शास्त्र बरोबरच होतं! फक्त त्याच वर्षी माझ्या घराचा पाया मी मुहूर्त बघून खोदला होता, ते त्या पहाटे सांगितलं नाही. ते आधी सांगितलं असतं तर दादा खरे हसले असते. आधी स्वतःला हसावं, हे मला कळलं तेव्हा समोर कुणी नव्हतं.

तू काय वेगळी आहेस? बारावीला रिफिल संपलेला 'लकी' पेन खिशात ठेवून पेपरला जायचीस. वडिलांच्या ते ध्यानात असणारच. तिथूनच सुरू कर.

रविवारी घरी जा. नारळ स्वतःच्या तळहातावर घे, वावरातून चाल, पडला तर पडू दे, त्यांना हसू दे. भूजल सर्वेक्षणाचा कागद पिशवीतच राहू दे, ते मागेपर्यंत. लगेच मागतील असं धरून बसू नकोस.

जाताना आमच्या बांधावरून जा. दादांच्या बोरच्या तोंडावर मी ठेवलेला दगड अजून तिथेच आहे.

तुझे,
सर