बुद्धिबळ ऑलिंपियाडमध्ये चौघी आपापल्या पटावर खेळतात, मग एकीच्याच डावाला इतकं महत्त्व कसं येतं?

कारण क्रमवारी आधी ठरते ती सामन्यांच्या गुणांवर. डाव जिंकला की एक, बरोबरीला अर्धा; चार पटांवर मिळून असे अडीच झाले की सामना खिशात, संघाला २ गुण. दोन-दोन झाले तर १. त्यामुळे तीन डाव बरोबरीत सुटले की सगळा सामना उरलेल्या एका पटावर येतो.

२०२४ च्या बुडापेस्ट ऑलिंपियाडची दहावी फेरी आठवा, २१ सप्टेंबरची. सलग सात सामने जिंकून आपल्या मुली पोलंडकडून हरल्या होत्या, अमेरिकेशी बरोबरीत अडकल्या होत्या, आणि आता समोर चीन. हरिका, वैशाली आणि वंतिका, तिघींचे डाव बरोबरीत. तिसऱ्या पटावर आपल्या नागपूरची दिव्या देशमुख, वय वर्षं अठरा, नी शिचुनविरुद्ध. तो डाव दिव्याने जिंकला आणि सामना २.५-१.५ असा आपला झाला.

आता हिशोब करा. शेवटी भारताचे १९ गुण झाले, कझाकस्तानचे १८. बाकी सगळं तसंच राहून हा एक डाव बरोबरीत सुटला असता, तर दोघांचे १८-१८ होऊन सुवर्णपदक टायब्रेकवर, म्हणजे गुण सारखे झाल्यावर लावायच्या पुढच्या निकषांवर, गेलं असतं!

मी कॉलेजच्या संघातून तिसऱ्या पटावर खेळले आहे, म्हणून मला या डावाचं फार वाटतं. आपली चाल कागदावर लिहिताना नजर हळूच शेजारच्या पटावर जाते. तिथे आपल्या मैत्रिणीचं एक प्यादं कमी दिसलं की पोटात गोळा येतो. कर्णधार फार तर ‘बरोबरी घे’, ‘घेऊ नकोस’ किंवा ‘डाव सोड’ एवढंच सांगू शकतो, पटावरच्या स्थितीबद्दल अवाक्षर काढायची परवानगी नसते. (बुडापेस्टला आपल्या मुलींचे कर्णधार पुण्याचे अभिजित कुंटे होते.) एकदा शेजारचे दोन्ही डाव जाताना पाहून मी उगाच हत्ती देऊन हल्ला चढवला, आणि हातातली बरोबरी घालवली. त्या रात्री मला झोप लागली नाही.

दिव्या त्या स्पर्धेत अकराच्या अकरा डाव खेळली, ९.५ गुण, एकही हार नाही. चीनला हरवल्यानंतर दुसऱ्याच दिवशी ती अझरबैजानविरुद्ध त्याच तिसऱ्या पटावर बसली, आणि तोही डाव जिंकून उठली.