देवाच्या अभिवचनांवर विश्वास ठेवायचा म्हणजे आपण हातपाय हलवायचे नाहीत का?

सलाम. नोकरी गेल्यापासून घरचे तुम्हाला बायबलमधलं यिर्मया २९:११ (‘तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत,’ असं देव म्हणतो ते) दाखवतात आणि अर्ज भरायला बसलात की ‘देवावर भरवसा नाही का?’ म्हणतात, असं लिहिलंय तुम्ही. उत्तर लिहिणार नव्हतो. पण याच वाक्यापायी माझ्या वडिलांच्या पायाची दोन बोटं गेली.

आम्ही नगरकडचे. ३१ डिसेंबरच्या रात्री उपासनेत बायबलच्या वचनांच्या चिठ्ठ्यांची टोपली फिरते, निघेल ते वचन आपलं नव्या वर्षासाठी. त्या वर्षी वडिलांना स्तोत्र ९१ निघालं, पीडा तुझ्या तंबूजवळ येणार नाही ते. शेजारी मामा. म्हणाले, “दाजी, आता इन्सुलिन कशाला? देवानं लिहून दिलंय!” वडील भोळे. आईला न सांगता सुया बंद केल्या. फ्रिजमधली बाटली तशीच भरलेली, आईला वाटलं नवी आणली. फेब्रुवारीत चपलेनं पाय घासला, जखम चिघळली, दवाखान्यात नेलं तेव्हा शुगर ४८०.

मामा भेटायला आले, छान लांब प्रार्थना केली, आणि जाताना जिन्यात मला म्हणतात, “दाजींचा विश्वास कुठंतरी कमी पडला बघ.”

अकरा वर्षं झाली. जिन्यात काही सुचलं नाही, आता सुचतंय. मत्तय ४ काढा. येशूला मंदिराच्या टोकावर उभं करून ‘टाक उडी, दूत झेलतील’ म्हणणाऱ्या सैतानानं हेच स्तोत्र ९१ ऐकवलं होतं. तोंडपाठ होतं त्याला. येशूनं उडी टाकली नाही. मग त्याचाही विश्वास कमी पडला का, मामा?

तुमच्या यिर्मयाचं म्हणाल तर ते बाबेलला कैदेत नेलेल्या लोकांना धाडलेलं पत्र आहे. आदल्याच ओवीत ७० वर्षं लिहिलीत, ती कॅलेंडरवर कुणी छापत नाही. आणि त्याआधी, ५व्या ओवीत, घरं बांधा, मळे लावा, त्यांचं फळ खा, असं सांगितलंय. तेव्हा अर्ज भरा. पंडिता रमाबाईंनी पुणे जिल्ह्यातल्या केडगावात पाण्यासाठी प्रार्थनाही केली आणि विहिरीही खणवल्या. त्यांना अविश्वासू म्हणायची कुणाची छाती आहे?

प्रार्थनेनं माणसं बरी झालेली मी पाहिलीत, ते नाकारत नाही. किती वाट पाहायची हे मात्र मला सांगता येणार नाही, घरभाडं तुम्हाला भरायचंय. वडील अजून रोज सकाळी स्तोत्र ९१ म्हणतात, सुई टोचता टोचता. मला ते म्हणवत नाही.

मामा गेल्या ३१ डिसेंबरलाही शेजारीच होते. त्यांच्या शर्टाच्या खिशात बीपीच्या गोळ्या असतात. मामींनी सांगितलंय.